पाण्याने घडवलेला लोखंडाचा डोंगर

पोरांनो, गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात सूरजागड नावाचा डोंगर आहे. माडिया लोकांचा ठाकूरदेव तिथे आहे. जानेवारीत त्याची यात्रा भरते आणि सूरजागड इलाक्यातल्या गावागावांतून माणसं येतात. बाकीच्या महाराष्ट्राला हा डोंगर माहीत झाला तो त्याच्या पोटातल्या लोखंडामुळे. ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा तिथे दिलेला आहे आणि २०२१पासून ट्रकच्या रांगांनी तिथलं खनिज वाहून नेलंय. हे तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. पण एवढं लोखंड त्या डोंगरात आणून ठेवलं कुणी? ते काम पाण्याचं आहे. आणि पाण्याने ते दोन खेपांत केलंय.

पहिली खेप समुद्राची. सुमारे अडीचशे कोटी वर्षं मागे चला. जमिनीवर गवताचं एक पातं नाही, पाखरू नाही, किडा नाही. हवेत प्राणवायू जवळजवळ नाहीच. प्राणवायू नसला की लोखंड पाण्यात विरघळून राहतं, दिसतसुद्धा नाही. त्या वेळचे समुद्र अशा विरघळलेल्या लोखंडाने भरलेले होते. मग उथळ पाण्यात सायनोबॅक्टेरिया नावाचे, डोळ्यांना न दिसणारे जीव वाढले. उन्हाच्या जोरावर ते आपलं अन्न करायचे आणि प्राणवायू बाहेर टाकायचे. प्राणवायू भेटताच पाण्यातलं लोखंड गंजलं आणि तो गंज तळाशी बसत गेला. एक थर लोखंडाचा, एक थर गारेचा, पुन्हा लोखंडाचा, पुन्हा गारेचा. असं लाखो वर्षं चाललं. सूरजागडचे पट्टेरी खडक आणि शेजारच्या छत्तीसगडमधल्या बैलाडिलाच्या डोंगररांगेतले खडक, दोन्ही याच जातकुळीचे.

ही गोष्ट फार जुनी वाटते ना? ती रोज घडते. लोखंडाच्या पट्ट्यात काही हापशांचं पाणी येताना अगदी स्वच्छ असतं. बादली भरून ठेवली की तासा-दोन तासांत पाणी पिवळसर होतं, सकाळपर्यंत तळाशी तांबडा गाळ बसतो, कपड्यांवर डाग पडतात. जमिनीखाली, खडकाच्या भेगांत, प्राणवायू पोहोचलेला नसतो, म्हणून तिथे लोखंड विरघळलेलं राहतं. हापशाच्या तोंडातून पाणी बाहेर आलं, हवा लागली, की ते गंजतं. अडीचशे कोटी वर्षांपूर्वी समुद्रात जे झालं तेच तुमच्या बादलीत होतं. म्हणून अशा पाण्याचा उपायही सोपा आहे. ते उंचावरून पसरत पाडायचं, भरपूर हवा लागू द्यायची, मग वाळूच्या थरातून गाळून घ्यायचं. लोहनिवारण संयंत्र म्हणजे एवढंच.

आता दुसरी खेप. समुद्रतळाचे ते थर पृथ्वीच्या हालचालींनी दाबले गेले, घडीघडीने वर आले, डोंगर झाले. मग त्यांच्यावर पाऊस पडू लागला. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून कर्बवायू घेतं आणि किंचित आंबट होतं. असं पाणी कोट्यवधी वर्षं थरांमधून झिरपत राहिलं. त्याने गारेचे थर हळूहळू विरघळवून खाली नेले. लोखंड मात्र जागच्या जागी राहिलं. गार निघून गेली तिथे पोकळ्या उरल्या आणि दगडातलं लोखंडाचं प्रमाण वाढलं. अशा डोंगरांतलं उंची खनिज बऱ्याच अंशी याच पद्धतीने तयार झालं, असं भूवैज्ञानिक मानतात.

मला या गोष्टीतलं सगळ्यात मोठं नवल हेच वाटतं. ज्या खनिजासाठी माणसं यंत्रं घेऊन आली, ते झिरपणाऱ्या पाण्याच्या हातचं काम आहे. पाण्याने केलेल्या त्या पोकळ्यांमधूनच पावसाळ्याचं पाणी आजही आत शिरतं. अशा डोंगरांच्या माथ्यावर पाऊस मुरतो, पायथ्याला झऱ्यांतून बाहेर येतो, आणि पाऊस थांबल्यावरही कितीतरी दिवस नाले वाहते राहतात. जे ओहोळ पुढे बांडिया नदीला आणि तिच्यातून इंद्रावतीला मिळतात, त्यांचं हिवाळ्यातलं पाणी हे असं डोंगराने मागे धरून ठेवलेलं असतं.

पण डोंगर उतरून सपाटीला आलात की खडक बदलतो. तिथे बहुतेक ठिकाणी ग्रॅनाइट आणि नाइस. ताठ, जुना, घट्ट कातळ. इथे एक कोडं आहे. गडचिरोलीत पाऊस तेराशे-चौदाशे मिलिमीटर पडतो. मराठवाड्याच्या शेतकऱ्याला विचारा, तो म्हणेल एवढ्यात आमची दोन वर्षं निघतील. जंगल तर जिल्ह्याच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास. भूजलाच्या मोजणीत इथले तालुके ‘सुरक्षित’ गटात बसतात, म्हणजे जेवढं पाणी मुरतं त्याच्या मानाने उपसा थोडा. मग मे महिन्यात काही पाड्यांवरची हापशी कोरडी का पडते? बायकांना नदीच्या वाळूत झिरे का उकरावे लागतात?

एका रांजणात मोठा धोंडा ठोकून बसवा, इतका की कडेने बोटभर फट उरेल. आता ओता पाणी. रांजण शंभर लिटरचा, पण मावलं किती? दोन-तीन लिटर. बाकी सगळं वरून वाहून जाणार. कातळाचा प्रदेश असा असतो. वरचा कुजलेला, भुसभुशीत झालेला भाग आणि त्याखालच्या भेगा, पाण्याला राहायला एवढीच जागा. त्या जागेतही शंभर भागांत मोकळे भाग साधारण दोन-तीन.

चला, गणित करू. पाऊस धरा १३०० मिलिमीटर. त्यातला दहावा हिस्सा जमिनीत मुरला, म्हणजे १३०. शंभरात अडीच भाग मोकळे असतील तर हे १३० मिलिमीटर पाणी किती उंच चढेल? चाळीसपट. ५२०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ सव्वापाच मीटर! हिशोब ढोबळ आहे, पण विहिरी काय करतात ते यातून कळतं. मेमध्ये तळ दाखवणारी विहीर ऑक्टोबरात काठाजवळ आलेली दिसते आणि लोक म्हणतात, भरपूर पाणी आहे. पाणी १३० मिलिमीटरच वाढलंय. जागा अरुंद म्हणून ते उंच दिसतं. आणि जे इतकं पटकन चढतं ते तितकंच पटकन उतरतं. ‘सुरक्षित’ हा शब्द अख्ख्या पाणलोटाच्या बेरजेचा आहे. तुमच्या पाड्याखालची भेग त्या बेरजेत कुठे दिसत नाही. इथे पावसाची टंचाई नाही. टंचाई आहे ती जागेची, आणि पाणी जमिनीत रेंगाळेल त्या वेळेची.

हे सगळं मोजणारं आपल्या राज्यात एक खातं आहे, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. १९७१मध्ये ते सुरू झालं. मुख्यालय पुण्यात, आणि चंद्रपूरला, गडचिरोलीला त्यांचे भूवैज्ञानिक असतात. राज्याचे त्यांनी पंधराशेहून अधिक पाणलोट पाडले आणि त्यांत साडेतीन हजारांहून जास्त निरीक्षण विहिरी निवडल्या. वर्षातून चार वेळा, जानेवारीत, मार्चमध्ये, मेमध्ये आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात, माणूस त्या विहिरीशी जातो, टेप सोडतो, पाणी किती खोल आहे ते लिहितो. काम कंटाळवाणं दिसतं. पण पन्नास वर्षांच्या अशा नोंदी म्हणजे जमिनीखालचं न दिसणारं पाणी पाहण्याचा आपल्याकडचा सर्वांत भरवशाचा मार्ग. या कामाला जेवढा मान मिळायला हवा तेवढा मिळत नाही, असं मला मनापासून वाटतं.

मोजून झालं की पुढचं काम. इथे कातळात जागाच कमी, म्हणून जागा वाढवायची. यंत्रणेच्या लोकांकडे त्यासाठी काही नामी युक्त्या आहेत.

एक युक्ती जलभंजनाची. विंधन विहिरीला पाणी कमी लागलं, तर रबराचं फुगणारं बूच आत ठराविक खोलीवर घट्ट बसवतात आणि त्याच्याखाली प्रचंड दाबाने पाणी सोडतात. केसाएवढ्या बारीक भेगा मातीने, चुन्याने बुजलेल्या असतात, त्या धुऊन निघतात, रुंदावतात, शेजारच्या भेगेला जाऊन मिळतात. नवा खड्डा न खणता जुनीच विंधन विहीर जास्त पाणी देऊ लागते. दुसरी युक्ती जॅकेट विहिरीची. साध्या उघड्या विहिरीभोवती गोलाकार विंधन छिद्रं घेतात आणि त्यांत नेमके सुरुंग उडवतात. विहिरीच्या सगळ्या बाजूंचा कातळ तडकतो आणि त्या तड्यांमधून पाणी विहिरीकडे येतं. म्हणजे विहिरीचा घेर बाहेरून तेवढाच, पण आतून ती कितीतरी मोठी झालेली असते.

तिसरी युक्ती मला फार आवडते, कारण ती उलट दिशेने जाते. विहिरीच्या उताराच्या बाजूला पाणी भेगांमधून निसटत असेल, तर तिथे ओळीने छिद्रं घेऊन त्यांत सिमेंटचा पातळ काला भरतात. भेगा बंद. पाणी जमिनीखालीच अडतं, मागे तुंबतं, विहिरीला थांबतं. नाल्याच्या वाळूखाली कातळापर्यंत चर खणून भिंत घालतात तो भूमिगत बंधाराही याच जातीचा. वरून पाहिलं तर तिथे काही केलंय असं वाटणारसुद्धा नाही. उन्हात पाणी आटत नाही, जमीन बुडत नाही, कुणाला उठावं लागत नाही.

दूरच्या पाड्यांसाठी आणखी एक सोय आहे, दुहेरी पंपाची. एकाच विंधन विहिरीत हापसा आणि सौर पंप. ऊन असलं की सौर पंप उंचावरची टाकी भरतो आणि नळाला पाणी येतं; चार दिवस झड लागली तर हापसा आहेच. वीज पोहोचायला वेळ लागणाऱ्या मुलखात ही केवढी मोठी गोष्ट!

पाणी अडवण्याची अक्कल मात्र या मुलखात खात्याच्या कितीतरी आधीची आहे. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांच्या काळापासून इथे तलाव बांधले गेले, तलाव बांधणाऱ्याला जमिनी मिळाल्या. कोहळी समाजाच्या माणसांनी उतार नुसत्या नजरेने जोखून पाळी घातल्या. पुढे मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची पद्धत, आली आणि गेली, म्हणून ते माजी मालगुजारी तलाव झाले, आपण मामा तलाव म्हणतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत ते हजारोंनी आहेत. एकाचा सांडवा दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, मध्ये शेताशेतांत बोड्या, म्हणजे छोटी तळी. धानाला पाणी मिळालं, मासळी मिळाली, आणि तलावाखालच्या विहिरींना पाझर मिळाला. १९५१मध्ये मालगुजारी गेली. तलाव सरकारकडे आले, डागडुजी मागे पडली, गाळ साचला, काठाने अतिक्रमण झालं. गाळ काढला की तलावात जागाही वाढते आणि पाझरही. कातळाच्या मुलखात यापेक्षा स्वस्तात पाण्याला जागा कुठे मिळणार?

आता पुन्हा डोंगरावर येऊ, कारण मला खरी काळजी तिथली आहे. खाण म्हणजे डोंगराचा माथा काढणं. पाऊस जिथून आत शिरतो तीच जागा खणली जाते. आधी झाडं जातात, मग माती, मग सच्छिद्र खनिज. मुरण्याची वाट मोडली की तेच पाणी एकदम वाहून येतं आणि सोबत तांबडा गाळ आणतं. तो गाळ खाचरात बसला तर धानाची जमीन आवळते, नाल्यात बसला तर नाल्याच्या तळाची झिरपही बुजते. आणि खाण पाण्याच्या पातळीखाली गेली, तर खड्डा कोरडा ठेवण्यासाठी पंप लावावे लागतात.

गोव्यात हे घडून गेलंय. डिचोली, सत्तरी, सांगे भागात भुकटीसारखं लोहखनिज आहे आणि त्याच भुकटीत भूजल साठलेलं असतं. खाणी पाण्याच्या पातळीखाली गेल्या, रात्रंदिवस उपसा झाला आणि आसपासच्या विहिरी, झरे आटले. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या लोहखाणी थांबवल्या. त्यामागची कारणं बरीच होती. पण ज्या गावांचे झरे गेले होते, त्यांना न्यायालयाचा निकाल येईपर्यंत टँकरची सवय झाली होती.

सूरजागडला ती वेळ येऊ नये, यासाठी करायचं काम मुळीच गूढ नाही. पायथ्याच्या प्रत्येक झऱ्याची, प्रत्येक विहिरीची नोंद हवी: कुठे आहे, झरा कधी वाहतो, किती वाहतो, विहिरीत पाणी किती खोल आहे. निरीक्षण विहिरी खाणीच्या चारी बाजूंना हव्यात आणि त्यांचे आकडे गावात, गावाला वाचता येतील असे लावलेले हवेत. आपल्याकडे कायदे आहेत. १९९३च्या कायद्याने सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खणता येत नव्हती. पुढे २००९चा भूजल कायदा झाला आणि तो २०१४पासून लागू झाला. अनुसूचित क्षेत्रात १९९६च्या पेसा कायद्याने गावतळी आणि छोटे जलसाठे सांभाळण्याचा अधिकार पंचायतींना आहे. पण झरा किती वाहत होता याची नोंदच नसेल, तर तो आटला हे कुठल्या कायद्यापुढे सिद्ध करणार?

म्हणून तुम्हाला काम देतो. शाळेजवळची किंवा घराजवळची एक उघडी विहीर निवडा. मोठ्या माणसाला सोबत घ्या. न ताणली जाणारी दोरी घ्या, दर मीटरला गाठ मारा, टोकाला वजन बांधा. पहाटे, कुणी पाणी शेंदायच्या आत मोजा; उपसा झाल्यावर मोजलं तर पातळी खोटी दिसते. कठड्याच्या माथ्यापासून पाण्यापर्यंत किती ते बघा, त्यातून कठड्याची उंची वजा करा, कारण भूवैज्ञानिक जमिनीपासून खाली मोजतात. वहीत तारीख, गावाचं नाव आणि आकडा लिहा. पहिली नोंद ऑक्टोबरात, मग जानेवारीत, मार्चमध्ये, मेमध्ये. झरा असेल तर त्याच्या धारेखाली दहा लिटरची बादली धरा आणि ती भरायला किती सेकंद लागतात ते लिहा. वही शाळेत ठेवा, म्हणजे तुम्ही पुढच्या वर्गात गेलात तरी तुमच्या मागचं पोर पुढच्या पानावर लिहील.