सुटा भाग कुणाच्या हाती?

१९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना सुरू केला. अमेरिकेहून खोक्यांत भरून आलेले भाग उघडायचे, सांगाडा उभा करायचा, वर रंग चढवायचा आणि शेव्हरोले बाहेर काढायची, असे त्याचे काम होते. फोर्डनेही मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला हेच केले. पाव शतकानंतर, १९५४ मध्ये, शिवडीचा कारखाना बंद झाला. मोटारींच्या इतिहासात हा प्रसंग बहुधा एका ओळीत उरकला जातो. पुढच्या वीस वर्षांत आपल्या रस्त्यांवर काय धावेल याचा अंदाज बांधायचा असेल, तर मला मात्र त्या एका ओळीपाशी थांबावेसे वाटते.

अमेरिकन कंपन्या गेल्या त्या गिऱ्हाईक नव्हते म्हणून नव्हे. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की ज्यांच्याकडे या देशातच भाग घडवण्याचा ठोस कार्यक्रम आहे त्यांनीच इथे राहावे. सरकारने ती मानली. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांना इथल्या चिमुकल्या बाजारपेठेसाठी भट्ट्या, साचे आणि इंजिनाचे कारखाने उभारणे परवडणारे नव्हते, म्हणून त्यांनी गाशा गुंडाळला. जोडणी आणि निर्मिती हे दोन वेगळे धंदे आहेत, हे सरकारी कागदावर प्रथमच इतक्या स्पष्टपणे लिहिले गेले.

ही गोष्ट त्याआधीच ओळखलेला माणूस सोलापूरचा. वालचंद हिराचंद यांच्या आधी विश्वेश्वरय्यांनी मुंबई इलाख्यात मोटार कारखाना काढण्याची योजना तयार केली होती आणि वालचंदांनी तिचा पाठपुरावा केला. ते अमेरिकेला गेले. फोर्डशी जमले नाही, क्रायस्लरशी जमले. पण तोवर महायुद्ध पेटले होते आणि हिंदुस्थानात मोटार कारखाना ही युद्धाची गरज आहे असे इंग्रज सरकारला वाटेना. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवात जोडणीनेच झाली, ती कुणाला चुकली नाही. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला, १९५४ मध्ये फियाट ११०० आली, १९६४ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती आली, आणि सत्तरच्या दशकात तिलाच ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. एकेक भाग कुर्ल्यात आणि आसपासच्या लहान कारखान्यांत घडू लागला.

याच काळात इचलकरंजीत आणखी एक प्रयोग चालला होता. शालेय शिक्षण थोडेच झालेल्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४५ मध्ये स्वतःच्या कल्पनेने एक छोटी मोटार बनवली. तिचे नाव मीरा. पुढची पंचवीस-तीस वर्षे ते ती सुधारत राहिले. पाट्यांच्या स्प्रिंगांऐवजी रबराचे सस्पेन्शन, कमीत कमी सुटे भाग आणि बारा हजारांच्या आसपास किंमत, असा त्यांचा हिशेब होता. परवाना मिळाला नाही. १९७० मध्ये संजय गांधींना वर्षाला पन्नास हजार मोटारी बनवण्याचे इरादापत्र मिळाले, तेव्हा त्यांच्या हाती रोल्स-रॉइसमधल्या उमेदवारीखेरीज फारसे काही नव्हते. इचलकरंजीला धावती गाडी होती. मीरेवर आपल्याकडे हळहळ पुष्कळ व्यक्त होते. माझ्या मते हळहळीपेक्षा तिच्या रचनेतला विचार महत्त्वाचा आहे. कमी भाग म्हणजे कमी खर्च, एवढेच त्यात नव्हते. तालुक्याच्या गावी लेथवर काम करणाऱ्या टर्नरला जो भाग बनवता येईल, तो मोटारमालकाला कधीच अडवून ठेवू शकत नाही.

परवाना पद्धतीने मीरेचा बळी घेतला आणि पद्मिनीला थिजवून टाकले. स्पर्धा नव्हती, नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहणारे गिऱ्हाईक होते, मग गाडी सुधारायची कशाला? १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि १९६४चा सांगाडा शतक संपत येईपर्यंत जवळजवळ तसाच चालला. कंपनीच्या आळसाचा हा पुरावा आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण या थिजलेपणाचा एक अनपेक्षित परिणाम झाला, ज्याकडे अर्थशास्त्रज्ञांचे फारसे लक्ष गेलेले नाही. पस्तीस वर्षे एकच गाडी रस्त्यावर राहिल्याने तिचे ज्ञान कंपनीच्या हातून निसटून बाजारात पसरले. क्लच प्लेट, पंप, गिअरच्या दांड्याचे जोड, हेडचे गॅसकेट या सगळ्याच्या अस्सल, नक्कल आणि जुन्या दुरुस्त अशा तीन-तीन प्रती मिळू लागल्या. गणपतीत गावी निघालेल्या चाकरमान्याची फियाट घाटात बंद पडली, तर खाली ज्याच्या हाताला ग्रीस लागलेले असे त्या कुणालाही ती उघडता येत असे.

गुहागर हे रस्ता संपण्याचे गाव आहे. विजापूरहून निघालेला महामार्ग जत, कऱ्हाड, पाटण, चिपळूण करत इथे समुद्रापाशी येऊन थांबतो. मुंबईत जिचा उपयोग संपला ती गाडी इकडे येते आणि खाऱ्या वाऱ्यात तिचा पत्रा सडू लागला की ठोकून, वेल्डिंग करून आणखी काही वर्षे चालवली जाते. नवी मोटार विकत घेणारा शहरी माणूस तिच्या पहिल्या पाच वर्षांचा विचार करतो. पंधराव्या वर्षी ती कशी असेल याची परीक्षा आमच्यासारख्या गावांत होते. म्हणून मोटार उद्योगाचे भविष्य वाहन प्रदर्शनातल्या झगमगाटात शोधण्यापेक्षा गॅरेजच्या मागच्या अंगणात शोधावे, असे माझे मत झाले आहे.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने ही परीक्षा सर्वांत कठोरपणे दिली. २०००नंतर उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सींना सीएनजीवर जावे लागले. इटलीत आखलेले जुने पेट्रोल इंजिन नव्या शतकात वायूवर धावू लागले. हे कंपनीच्या संशोधनामुळे घडले नाही. इंजिन इतके उघडे आणि इतके ओळखीचे होते की त्यावर हा संसार उभा करता आला. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावरून गेली. ती गेली नियमाने. सुटा भाग मिळेना म्हणून गेली नाही.

याउलट उदाहरण त्याच घराण्यातले. नव्वदच्या दशकात प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी करून कल्याणच्या कारखान्यात ३०९ ही गाडी काढली. चालवायला ती पद्मिनीपेक्षा कितीतरी सरस. पण कामगारांचा संघर्ष, भागीदारांतला बेबनाव आणि पैशांची चणचण यांत काही वर्षांतच प्रकल्प बुडाला, फ्रेंच कंपनी परतली आणि विकल्या गेलेल्या गाड्या पोरक्या झाल्या. चांगली मोटार आणि जगणारी मोटार या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

उदारीकरणानंतर गाड्या झपाट्याने सुधारल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९९८च्या इंडिकाने पुण्यात आराखडा करून मोटार बनवता येते हे दाखवले. तिची जोडणीची यंत्रसामग्री मात्र ऑस्ट्रेलियातल्या निसानच्या बंद कारखान्यातून सुटी करून आणलेली होती. त्याच सुमारास गाड्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले आणि बिघाड शोधायला कंपनीचेच यंत्र लागू लागले. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि बिघाड तपासण्याची साधने त्या खुल्या बाजारात, स्वतंत्र गॅरेजवाल्यांना उपलब्ध होऊ देत नाहीत, असा आयोगाचा निष्कर्ष होता. पुढे अपिले झाली, कज्जे लांबले. पण १९५३ मध्ये देशाने परदेशी कंपनीला विचारलेला प्रश्न आता गॅरेजवाला देशी-विदेशी सर्वच कंपन्यांना विचारत होता.

जनरल मोटर्सचा दुसरा फेरा याच काळातला. कंपनी परत आली, २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगावला मोठा कारखाना उघडला, २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली आणि २०२०च्या अखेरीस उत्पादनही बंद केले. २०२३ मध्ये तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने केला. शिवडी आणि तळेगाव, एकाच राज्यात एकाच कंपनीची दोन निर्गमने. दुसऱ्या वेळी तर कुणी जायला सांगितलेही नव्हते.

आता विजेची मोटार. ती नवी आहे हा समज आधी सोडायला हवा. १९०० च्या सुमारास अमेरिकेत वाफ, वीज आणि पेट्रोल या तिन्हींच्या मोटारी धावत होत्या आणि पेट्रोलची सर्वांत कमी होती. पेट्रोलवाल्यांनी हँडल मारायची कटकट १९१२ मध्ये कॅडिलॅकच्या विजेच्या स्टार्टरने संपवली, तेल स्वस्त झाले, आणि विजेची मोटार मागे पडली. विजेचे यंत्र पेट्रोलच्या इंजिनापेक्षा कितीतरी सोपे आहे: पिस्टन नाही, रिंगा नाहीत, कार्बोरेटर नाही. मीरेचा कमी भागांचा हिशेब इथे आपोआपच जुळतो. उत्तरेकडच्या शहरांतल्या ई-रिक्षा शिशाच्या बॅटऱ्यांवर चालतात आणि कोपऱ्यावरच्या दुकानात दुरुस्त होतात.

मोटारीत मात्र किमतीचा मोठा वाटा बॅटरीत आहे, बॅटरी सीलबंद आहे, तिचे आरोग्य सांगणारे सॉफ्टवेअर कंपनीकडे आहे आणि आतल्या सेलपैकी बहुतेक चीनमधून येतात. सेल आयात करून त्यांची पेटी इथे बांधायची, ही मला शिवडीच्या खोक्यांची सुधारित आवृत्ती वाटते. सरकारलाही हे कळते. २०२१ मध्ये सेल इथेच बनावेत म्हणून १८,१०० कोटींची प्रोत्साहन योजना आखली गेली. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ धातूंपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा मोटरीतल्या मूठभर चुंबकांसाठी आपल्या वाहन कंपन्यांची तारांबळ उडाली.

हे आम्हा गुहागरकरांना ओळखीचे आहे. एन्रॉनचा वीज प्रकल्प नावाने दाभोळचा, पण जागा आमच्या तालुक्यातल्या अंजनवेल-वेलदूरची. १९९९ मध्ये सुरू झाला, दराच्या वादात २००१ मध्ये बंद पडला. पुढे नव्या कंपनीने चालवायला घेतला, तर २०१३ मध्ये देशी वायूचा पुरवठाच आटला. टर्बाइन जागच्या जागी होते. यंत्र दारात असूनही ते चालवणारी किल्ली दुसरीकडे असेल तर काय होते, हे या किनाऱ्याने दोनदा पाहिले आहे.

म्हणून माझा अंदाज असा: शहरातल्या रोजच्या फेऱ्यांत विजेची गाडी जिंकेल, त्याबद्दल मला शंका नाही. पण कोण टिकेल हे किती वेगाने गाडी धावते यावर ठरणार नाही. सेल कोण घडवतो आणि बिघडलेला एक सेल बदलण्याची मुभा कुणाला आहे, यावर ठरेल. आणि इथे पुन्हा १९५३चे दार बंद करून चालणार नाही, नाहीतर विजेवर चालणारी थिजलेली पद्मिनी पदरात पडेल. बंधन घालायचेच तर ते भाग आणि तपासणीची साधने उघडी ठेवण्याचे घालावे.

पुणे जिल्ह्यात रांजणगावला, जिथे टाटांच्या भागीदारीत फियाटचे नाव अजून पाटीवर आहे, तिथून २०२० मध्ये विजेवरची नेक्सॉन बाहेर पडली. तिच्या बॅटरीची हमी आठ वर्षांची. पहिल्या गाड्यांची मुदत २०२८ मध्ये संपेल, मग त्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जातील आणि चिपळूणचा घाट उतरून इकडे येऊ लागतील.