नसलेल्या तारेवरून येणारी अक्षरं

रात्रीचे साडेअकरा. टर्मिनलमध्ये मी क्यूएमू, म्हणजे लॅपटॉपच्या आत दुसरं आभासी मशीन उभं करणारा प्रोग्राम, सुरू करायची आज्ञा दिली आणि तिला ‘नोग्राफिक’ हा पर्याय जोडला. म्हणजे वेगळी खिडकी उघडू नकोस, जे काही असेल ते इथेच अक्षरांत दाखव. बायोसच्या दोन-तीन ओळी आल्या, मग ‘बूटिंग फ्रॉम रॉम...’ आणि पुढे काहीच नाही. लॅपटॉपचा पंखा मात्र घरघरत होता. आत एक अख्खं लिनक्स उठून बसत होतं आणि मला त्याचा चकार शब्द ऐकू येत नव्हता.

ते मुकं नव्हतं. दुसरं काही सांगितलं नाही तर पीसीवर उठणारं लिनक्स पडद्याशी बोलतं, आणि पडदा तर मीच काढून घेतला होता. मशीन बंद केलं, कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, द्यायच्या ओळीत ‘कन्सोल=टीटीवायएस०’ एवढंच वाढवलं आणि पुन्हा सुरू केलं. रॉमच्या त्या ओळीखाली अक्षरांचा लोंढा सुटला: कर्नलची आवृत्ती, मेमरीचा नकाशा, प्रोसेसरची ओळख, डिस्क सापडल्याची वर्दी. हे मी शेकडो वेळा पाहिलंय, तरी दर वेळी अंगावर काटा येतो. कारण ही अक्षरं ज्या तारेवरून येतात, ती तार कुठेच नाही.

‘टीटीवायएस०’ या नावाची फोड केली की निम्मी गोष्ट तिथेच कळते. टीटीवाय म्हणजे टेलिटाइप, आपण ज्याला टेलिप्रिंटर म्हणतो तो. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत वृत्तसंस्थांच्या बातम्या खडखडत कागदावर उतरवणारं यंत्र ज्यांनी ऐकलंय, त्यांच्या कानात तो आवाज अजून असेल. युनिक्स घडवणारे केन थॉम्पसन आणि डेनिस रिची बेल लॅब्जमध्ये अशाच यंत्रापुढे बसत. त्यांचं टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरं छापायचं. यंत्र गेलं, पण नाव राहिलं, आणि आजही माझ्या लॅपटॉपमधलं लिनक्स टर्मिनलला टीटीवायच म्हणतं. एस म्हणजे सिरियल, एकामागून एक. आणि शून्य म्हणजे पहिला पोर्ट, कारण इथली मोजणी शून्यापासून.

हा पोर्ट सांभाळणारी चिप म्हणजे यूएआरटी. १९८१ च्या आयबीएम पीसीसाठी ८२५० नावाची चिप होती. पुढे १६५५०ए आली. तिच्यात १६ अक्षरं थांबू शकतील एवढी छोटी रांग होती. आता माझ्या बूटच्या ओळींत पाहा. मधेच पाहुणं, म्हणजे क्यूएमूच्या आत उठणारं, लिनक्स मोठ्या खात्रीने नोंद करतं की टीटीवायएस० सापडला, पत्ता ३एफ८, इंटरप्ट ४, आणि चिप १६५५०ए. माझ्या लॅपटॉपला सिरियल पोर्टचं भोकसुद्धा नाही. ज्या चिपची ही नोंद आहे, ती म्हणजे क्यूएमूमधला थोडासा सी भाषेतला कोड. फाब्रीस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने क्यूएमू २००३ मध्ये लोकांपुढे आणलं, आणि तेव्हापासून कितीतरी मशीनांना अशा नसलेल्या चिपा सापडत आल्या आहेत.

या प्रवासात एका अक्षराच्या मागे मागे जाऊ. ‘लिनक्स’ या शब्दाचं रोमन लिपीतलं पहिलं अक्षर घ्या, एल. आस्की कोष्टकात त्याचा आकडा ७६. कर्नल ते लगेच पाठवत नाही, आधी विचारतं. पोर्ट क्रमांक १०२१ वाचायचा आणि त्यातला ३२ किमतीचा बिट पाहायचा. तो १ असेल तर चिप म्हणतेय, ‘मागचं अक्षर मी उचललंय, जागा रिकामी आहे, टाक.’ मग कर्नल पोर्ट १०१६ वर ७६ लिहितं. १०१६ म्हणजे मघाचा ३एफ८ हाच पोर्ट, सोळाच्या मोजणीऐवजी दहाच्या मोजणीत लिहिलेला.

खरी चिप असती तर ती आता ७६ ची उकल करून एकेक बिट तारेवर सोडायला लागली असती. आधी ‘ऐका’ म्हणणारा सुरुवातीचा बिट, मग सर्वांत लहान किमतीपासून ०, ०, १, १, ०, ०, १, ०, आणि शेवटी थांबायचा बिट. एका अक्षराला १० बिट. ११५२०० बॉडच्या वेगाने एका बिटाला साधारण ८.७ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला ११५२० अक्षरं. (बॉड हे एकक एमिल बोदो या फ्रेंच तारायंत्र अभियंत्याच्या नावावरून आलंय.)

पण इथे चिप नाही. त्यामुळे पाहुण्याने पोर्टवर लिहायची आज्ञा चालवली, की त्याच आज्ञेवर प्रोसेसर त्याला गोठवतो. ही सोय इंटेल आणि एएमडीने २००५-०६ च्या सुमारास प्रोसेसरमध्येच घडवली, आणि २००७ पासून लिनक्समधलं केव्हीएम ती वापरतं. केव्हीएम क्यूएमूला उठवून निरोप देतं: पाहुण्याने १०१६ वर ७६ लिहिलंय. क्यूएमू म्हणजे माझ्या लॅपटॉपवर चाललेला एक साधा प्रोग्राम. तो ७६ आपल्या आउटपुटवर सोडतो, टर्मिनल ते घेऊन एलचा आकार रंगवतं, आणि पाहुणा गोठला होता तिथून पुढे चालू लागतो. मधे काही घडलं याचा त्याला पत्ताही नसतो. ‘जागा रिकामी आहे का?’ हा प्रश्नसुद्धा असाच बाहेर येतो आणि क्यूएमू त्याला ‘आहे’ असं उत्तर देतं. म्हणजे कर्नलच्या प्रत्येक अक्षरामागे किमान दोनदा सगळं जग थांबतं. मशीन झटपट उठवायचं असणारे लोक ‘क्वाएट’ हा पर्याय देऊन कर्नलला गप्प बसवतात, ते यासाठीच.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. अगदी पहिल्या ओळी छापल्या जातात तेव्हा टीटीवायएस० अजून तयारच झालेला नसतो. मग त्या आपल्यापर्यंत पोहोचतात कशा? कर्नल जागं झाल्या क्षणापासून मेमरीत रोजनिशी लिहीत असतं. तोंड उघडायची सोय झाली, की आधी लिहून ठेवलेलं सगळं ते एका दमात वाचून दाखवतं. त्या सुरुवातीच्या ढीगभर ओळींपुढे वेळ म्हणून शून्यच शून्य दिसतात, कारण त्या लिहिल्या तेव्हा कर्नलचं घड्याळही अजून सुरू झालेलं नसतं.

लॉगिन झाल्यावर मी एक प्रयोग केला. पाहुण्याला सांगितलं, टीटीवायएस० वर ‘नमस्कार’ पाठव. न, म, स, हलन्त, क, काना, र अशी सात चिन्हं, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट. म्हणजे २१ बाइट, पोर्ट १०१६ वर २१ टकटकी. १६५५०ए ज्या काळातली, तेव्हा युनिकोड जन्मालाही आलं नव्हतं. तिला ‘स्का’ हे जोडाक्षर माहीत नाही आणि कानाही माहीत नाही. तिला फक्त ० ते २५५ मधले आकडे कळतात, आणि ते ती इमानाने जसेच्या तसे पुढे देते. अर्थ लावायचं काम या टोकाच्या टर्मिनलचं. पडद्यावर ‘नमस्कार’ उमटलं.

हाच साधेपणा एका ठिकाणी अडतो. सिरियल तारेवरून फक्त अक्षरं जातात, माझी खिडकी किती रुंद आहे हे कळवायची तिच्यात सोय नाही. पाहुणा बहुतेक वेळा ८० अक्षरं रुंद आणि २४ ओळी उंच पडदा गृहीत धरतो, आणि संपादक उघडला की तो मोठ्या खिडकीच्या एका कोपऱ्यात अंग चोरून बसतो. यावर ‘रीसाइझ’ नावाच्या छोट्या प्रोग्रामने काढलेली युक्ती बघा. तो कर्सरला सांगतो, ९९९ व्या ओळीच्या ९९९ व्या रकान्यात जा. एवढी जागा कोणाकडेच नसते, त्यामुळे कर्सर खालच्या उजव्या कोपऱ्याला जाऊन टेकतो. मग तो टर्मिनलला विचारतो, कर्सर आत्ता कुठे आहे? उत्तर येतं, समजा ५० व्या ओळीच्या १६० व्या रकान्यात. झालं, खोलीचं माप मिळालं. अंधारात भिंतीला हात लागेपर्यंत चालत जाऊन खोली मोजावी, तसं.

मजा म्हणून सहसा कोणी या सिरियल वाटेने जात नाही, वेळ आली की जातात. एकदा मी डिस्कांची यादी ठेवणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये डिस्कच्या ओळखक्रमांकातलं एक अक्षर चुकीचं लिहिलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं. नेटवर्क उठलंच नाही, त्यामुळे एसएसएचने आत जायचा रस्ता बंद. सिरियल कन्सोल जोडला, तर तिथे एक ओळ दीड मिनिटाची मुदत मोजत बसली होती. नसलेल्या डिस्कची वाट पाहणं चाललं होतं! मुदत संपली, मशीन इमर्जन्सी मोडमध्ये गेलं आणि रूटचा पासवर्ड मागू लागलं. पासवर्ड दिला, ते अक्षर दुरुस्त केलं. कर्नल कोसळतानाही असंच होतं. नेटवर्कची साखळी लांब आणि नाजूक असते, आणि ती तुटलेली असतानाही ‘रिकामं आहे का, मग टाक’ एवढं करायचं बळ कर्नलमध्ये बहुधा उरलेलं असतं. म्हणून शेवटचे शब्द इथे सापडतात.

अॅमेझॉनने २०१८ मध्ये फायरक्रॅकर नावाचं व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर खुलं केलं. ते क्षणार्धात उठावं म्हणून त्यांनी पीसीची जवळजवळ सगळी जुनी अडगळ काढून टाकली. व्हिडिओ कार्ड गेलं, यूएसबी गेलं. पाहुण्याला नेटवर्क, डिस्क अशी थोडकी आधुनिक उपकरणं ठेवली, आणि मशीन थांबवण्यापुरता कीबोर्डचा नियंत्रक. जुन्या जगातलं आणखी एकच उपकरण त्यांनी मागे ठेवलं: सिरियल कन्सोल.

त्या रात्री काम संपलं तेव्हा मी पाहुण्यालाच बंद व्हायला सांगितलं. सेवा एकेक करून थांबल्या, डिस्क सोडवल्या गेल्या. शेवटची ओळ आली, ‘रीबूट: पॉवर डाउन’. तिच्या शेवटच्या अक्षराआधीही कर्नलने विचारलं असणार, जागा रिकामी आहे का? होती. आणि त्याखाली माझ्या लॅपटॉपचा प्रॉम्प्ट परत आला.