बाथबॉम्बचं पाणी आणि आपले केस

बाथबॉम्बच्या पाण्यात केस एकदोनदा भिजले म्हणून त्यांचं नुकसान होत नाही. मात्र त्याच पाण्याने केस धुणं, किंवा ते पाणी केसांवर तसंच वाळू देणं टाळायला हवं. आपल्याकडे टबपेक्षा बादलीतली अंघोळ जास्त, त्यामुळे हा फरक नीट समजून घेतलेला बरा.

गोळ्यात असतं काय?

बाथबॉम्ब म्हणजे अंघोळीच्या पाण्यात टाकायचा फसफसणारा गोळा. तो 1989 साली इंग्लंडमध्ये मो कॉन्स्टंटाइन यांनी तयार केला. पुढे ‘लश’ ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी ज्यांनी उभी केली, त्यांच्यापैकी त्या एक. ‘अल्का-सेल्त्झर’ची पाण्यात फसफसणारी गोळी पाहून त्यांना ही कल्पना सुचली. पोटातल्या जळजळीवर आपण इनो घेतो, त्याच्यासारखंच हे रसायन: खाण्याचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व. त्यात कॉर्नफ्लोअर, थोडं तेल, सुगंध आणि रंग मिसळून गोळा दाबून घट्ट करतात.

कोरडे असताना सोडा आणि ॲसिड एकमेकांशेजारी स्वस्थ असतात. पाणी लागलं की त्यांची अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हे बुडबुडे केसांना काहीच करत नाहीत. पाहायचं ते फसफस थांबल्यावर पाण्यात काय उरलं हे.

उरलेला सोडा

100 ग्रॅम सोडा पूर्ण संपवायला सुमारे 76 ग्रॅम सायट्रिक ॲसिड लागतं. घरगुती कृतींमध्ये बहुधा दोन भाग सोड्याला एक भाग ॲसिड सांगितलेलं असतं. म्हणजे 100 ग्रॅमला 50. या हिशोबाने जवळजवळ 34 ग्रॅम सोडा तसाच पाण्यात राहतो. सोड्याच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण 8.3 असतो, म्हणजे ते पाणी सौम्य अल्कधर्मी.

टाळूचा सामू 5.5 च्या आसपास आणि केसाचा त्याहूनही कमी, सुमारे 3.67. केसावर कौलांसारखे एकावर एक बसलेले बारीक खवले असतात. अल्कधर्मी पाण्यात केसाच्या पृष्ठभागावरचा ऋण विद्युतभार वाढतो, केस एकमेकांवर जास्त घासले जातात आणि खवले उचलले जातात. मग केस राठ लागतात, गुंततात, विंचरताना तुटतात. 2014 साली ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ ट्रायकॉलॉजी’मध्ये ब्राझीलच्या संशोधकांचा याच विषयावर एक लेख आला होता. त्यांनी 123 शांपूंचा सामू मोजला, तेव्हा 5.5 किंवा त्याहून कमी सामू असलेले जेमतेम 38 टक्के निघाले. तेव्हा सगळा दोष बाथबॉम्बच्या माथी मारणं योग्य नाही. अंगाला लावायच्या साध्या साबणवडीचा सामू तर 9 ते 10 असतो आणि अनेक घरांत डोक्यालाही तीच वडी लावतात. केसांच्या दृष्टीने ती सवय अधूनमधूनच्या बाथबॉम्बपेक्षा नक्कीच वाईट.

नुसत्या सोड्याची पेस्ट करून केस धुण्याचा सल्लाही हल्ली बराच फिरतो. तो मात्र मानू नये. तिथे सोड्याला आवर घालणारं ॲसिड नसतं, आणि वर टाळूवर चोळणं आलं.

तेल, रंग, चमकी

कोरड्या त्वचेला बरं वाटणारं तेल बारीक केसांच्या मुळाशी बसलं की केस चिकट, चपटे दिसतात. पाण्यात विरघळणारे रंग काळ्या केसांवर दिसत नाहीत, पण ब्लीच केलेल्या केसांत ते मुरतात आणि पिकलेल्या केसांवरही झाक दिसू शकते. चमकी तेलाला धरून केसांत अडकते आणि एका धुण्यात जात नाही. गोळा विकत घेताना चमकी नसलेला आणि फिक्या रंगाचा निवडावा, हे माझं स्पष्ट मत.

बादलीचा हिशोब वेगळा

हे गोळे बाथटबच्या मापाने केलेले असतात. टबात साधारण 150 लिटर पाणी धरलं, तर वरचा 34 ग्रॅम सोडा लिटरला पाव ग्रॅमही भरत नाही. तोच गोळा 20 लिटरच्या बादलीत टाकला तर लिटरमागे दीड ग्रॅमहून जास्त सोडा होतो. तेल, रंग आणि सुगंधही त्याच पटीत, म्हणजे साडेसात पट दाट होतात.

दुसरी अडचण त्याहून मोठी. टबात बसणारा माणूस डोकं पाण्याबाहेर ठेवू शकतो आणि शेवटी शॉवरखाली उभा राहतो. बादलीतलं पाणी आपण तांब्याने डोक्यावरूनच घेतो आणि शेवटचा तांब्याही त्याच पाण्याचा असतो. म्हणजे सोडा आणि तेल केसांवरच वाळतं. म्हणून बादलीत गोळ्याचा सातवा-आठवा हिस्सा पुरे. केस वर बांधावेत आणि शेजारी साध्या पाण्याची दुसरी बादली भरून ठेवावी. अख्खा गोळा डोक्यावरून घ्यायच्या पाण्यात कधीही टाकू नये.

कोणी लांब राहावं?

टाळूवर इसब, सोरायसिस, खाजवून झालेल्या जखमा असतील त्यांनी. सुगंधी द्रव्यांची ॲलर्जी असणाऱ्यांनीही. युरोपात अशी ॲलर्जी आणणारी ठरावीक द्रव्यं वेष्टनावर नावानिशी छापावी लागतात, म्हणून तिथून आलेल्या गोळ्याचं वेष्टन फेकण्याआधी वाचावं. लहान मुलांच्या डोळ्यांत हे पाणी गेलं तर झोंबतं. नुकतेच ब्लीच किंवा स्ट्रेटनिंग केलेले केस आधीच कमकुवत असतात, त्यांना या पाण्यापासून पूर्ण दूर ठेवावं.

केस भिजलेच तर

आधी साध्या कोमट पाण्याने भरपूर धुवावेत. तेलकट लागले तर सौम्य शांपू, मग कंडिशनर. कंडिशनर बहुधा आम्लधर्मी असतो, त्याने खवले पुन्हा खाली बसायला मदत होते. ओला केस फुगलेला आणि नाजूक असतो, तेव्हा लगेच बारीक दातांची फणी घालू नये. बोटांनी गुंता सोडवून, थोडं वाळल्यावर रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर विंचरत यावं.