एका खेपेचा दवाखाना

स्त्रीरोगाच्या ओपीडीत घेतलेल्या निर्णयात रोगाचा वाटा किती आणि शेवटच्या एसटीचा किती, हा हिशेब कुठल्याच पाठ्यपुस्तकात दिलेला नसतो. पाळीत जास्त जातंय म्हणून आलेली बाई तीन महिने गोळ्या घेऊन पुन्हा दाखवायला येणार असेल, तर उपचार एक. आज गेली की ती कधी दिसेल याचा भरवसा नसेल, तर दुसरा. गेल्या पस्तीसेक वर्षांत या क्षेत्रात महाराष्ट्राने पुष्कळ काही पाहिलं. नावाजलेलं संशोधन झालं, कायदे आले, नवी साधनं आली आणि लाज वाटावी असे प्रकारही झाले. मागे वळून बघताना मला या सगळ्याच्या बुडाशी एकच प्रश्न दिसतो : बाई परत येईल का?

सुरुवात गडचिरोलीपासून करायला हवी. जानेवारी १९८९मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. दोन गावांतल्या ६५० बायकांची त्यांनी तपासणी केली होती. तक्रार घेऊन दवाखान्यात आलेल्यांचीच तपासणी करायची, ही रूढ रीत त्यांनी मोडली आणि काही तक्रार नाही म्हणणाऱ्यांनाही तपासलं. ५५ टक्के बायकांनी तक्रार सांगितली होती, तपासणीत मात्र ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. सरासरी दर बाईमागे ३.६ आजार. हे आकडे जगभर गाजले. मला मात्र त्यातला चौथा आकडा सगळ्यांत बोलका वाटतो : याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. तोवर सरकारी यंत्रणेला बाई दिसायची ती बाळंतपणापुरती, तांबीपुरती किंवा टाक्याच्या ऑपरेशनपुरती. नसबंदीची ‘टार्गेटं’ १९९६पर्यंत चालू होती. पहिलीच खेप झालेली नसलेल्या बाईच्या दुसऱ्या खेपेची चर्चा कोण करणार?

नंतर खेपा सुरू झाल्या. सगळ्यांत जास्त बायका एकच वाक्य घेऊन आल्या : अंगावर पांढरं जातं. याचं निदान खरं तर टेबलावरच होऊ शकतं. आतून तपासायचं, स्राव कागदाला लावून त्याची आम्लता बघायची, एका काचपट्टीवर सलाइनचा थेंब, दुसरीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा आणि मग सूक्ष्मदर्शक. जिवाणूंमुळे होणारा योनिदाह ओळखायचे आम्सेल यांचे निकष १९८३पासून उपलब्ध आहेत, चारांपैकी तीन जुळले की झालं. दहा मिनिटांचं काम. पण बाहेर साठ जणी बसलेल्या, सूक्ष्मदर्शक प्रयोगशाळेत आणि प्रयोगशाळा दुपारी बंद! त्यामुळे लक्षणावरून औषध देण्याची पद्धत आली आणि सरकारी दवाखान्यांत रंगीत किट आली. पांढऱ्या पाण्यासाठी हिरवं किट, त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल, दोन्ही एकाच डोसात संपणारी. ज्याने हे ठरवलं त्याला खेपेचं गणित नक्की ठाऊक होतं. मोठ्या लोकसंख्येसाठी हा शहाणपणाचा तोडगा होता, हे मान्य. मात्र ज्या बाईला काहीच संसर्ग नव्हता, जिचं पांढरं जाणं पाळीच्या चक्रातलं साधं होतं किंवा कंबरदुखी-अशक्तपणा सांगायला तिच्याकडे दुसरा शब्द नव्हता, तिच्याही हातात किट पडलं. काही ठिकाणी ‘नवऱ्यालाही घेऊन या’ असा निरोपही त्याबरोबर गेला. त्या निरोपाने घरात काय झालं असेल, याची नोंद केसपेपरवर नसते.

पाळीतल्या जास्त रक्तस्रावाचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. १९८०च्या दशकापर्यंत कारण शोधायचं म्हणजे भूल देऊन क्युरेटिंग. त्यानंतर पेन्सिलीपेक्षा बारीक, लवचीक नळी आली. तिच्यामुळे ओपीडीतच, भुलीशिवाय गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा घेता येऊ लागला. सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजता येऊ लागली. पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं आणि अस्तर ४ मिलिमीटरपर्यंत पातळ निघालं, तर कॅन्सरची शक्यता फार कमी, असा आधार मिळाला. २०११मध्ये फिगो या आंतरराष्ट्रीय संघटनेने रक्तस्रावाच्या कारणांची नऊ गटांत मांडणी केली. हार्मोन सोडणारी तांबी आली, जी पाच वर्षं आणि त्याहूनही अधिक काम करते आणि कित्येक बायकांचं ऑपरेशन टाळते. विज्ञान पिशवी वाचवण्याच्या दिशेने चाललं होतं, यात शंका नाही.

पण ही तांबी बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने अवेळी डाग दिसत राहतात. हे आधी समजावून सांगावं लागतं आणि बाई घाबरून आली तर तिला पुन्हा धीर द्यावा लागतो. म्हणजे खेपा. गोळ्यांचंही तसंच. अस्तराच्या तुकड्याचा अहवाल आठवड्याने येतो, म्हणजे आणखी एक खेप. पिशवी काढली की मात्र सगळं एकदाच मिटतं, असं तिला वाटतं, तिच्या सासूला वाटतं आणि डॉक्टरलाही ते वाटून घेणं सोयीचं असतं. त्यात ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे, पुढे कॅन्सर होईल’ हे वाक्य. गर्भमुखाच्या आतल्या बाजूचं लालसर अस्तर बाहेरच्या बाजूला दिसणं ही तरुण बायकांत, गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्या घेताना सर्रास आढळणारी गोष्ट आहे. ती जखम नाही आणि कॅन्सरची पहिली पायरीही नाही. या एका वाक्याने महाराष्ट्रात किती पिशव्या गेल्या असतील ते सांगता येणार नाही, पण ते ज्या सहजतेने उच्चारलं गेलं त्याला अज्ञान म्हणणं फार उदारपणाचं होईल.

२०१९मध्ये बीडची बातमी आली. ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या तिशीतच काढल्या जात होत्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्याने समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे जवळपास १७ टक्के. त्याच दशकातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण देशभर ३ टक्क्यांच्या आसपास होतं. वयोगट तंतोतंत सारखे नाहीत, तरी फरक डोळ्यांत भरतो.

वर्तमानपत्रांनी लोभी डॉक्टर उभा केला. तो होताच. पण कोयत्याचा हिशेब त्याहून मोठा होता. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, कामावर गेलं नाही की खाडा आणि त्याचा दंड. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीतही मोळ्या उचलायच्या. हंगाम ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतो आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, ती पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असते. अशा बाईला ‘तीन महिन्यांनी दाखवा’ म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं. तिने मागितलं म्हणून काढली, असं सांगणारे डॉक्टर सगळेच खोटं बोलत नव्हते. पण ती मागत होती सुटका. काढून टाकायचा अवयव त्यांनी सुचवला. पिशवीबरोबर बीजकोशही गेले असतील, तर पाळीचा त्रास जाऊन हाडं आणि हृदय लवकर थकायची सोय झाली, हे तिला कोणी सांगितलं का?

त्यानंतर बीडमध्ये पिशवी काढण्याआधी खासगी रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक झाली. एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, राजस्थान, बिहार, छत्तीसगडमधल्या अशाच प्रकारांवरच्या याचिकेत, केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी अमलात आणाव्यात असं सांगितलं. हे हवंच होतं. परवानगीने नको ते ऑपरेशन अडतं, पण हवा तो उपचार त्यामुळे सुरू होत नाही. रक्तस्राव तसाच राहतो.

गर्भपाताच्या कायद्याची कथा इथे थोडक्यात. १९७१चा कायदा सज्ञान बाईच्या एकटीच्या संमतीवर चालतो, तरी नवऱ्याची सही मागण्याची प्रथा दवाखान्यांनी वर्षानुवर्षं जपली. २००२मध्ये मिफेप्रिस्टोन आलं आणि शस्त्रक्रियेची जागा गोळ्यांनी घेतली. गोळ्या तीन भेटींच्या हिशेबाने बसवलेल्या : पहिला दिवस, तिसरा, मग दोन आठवड्यांनी तपासणी. यातली शेवटची भेट नेहमीच कच्ची राहिली.

एक खेप ही मर्यादा मानून, तिच्याभोवती उपचार रचण्याचं सर्वांत हुशार काम झालं ते गर्भमुखाच्या कॅन्सरबाबत. पॅप स्मिअरला पेशी वाचणारा तज्ज्ञ लागतो आणि अहवालासाठी थांबावं लागतं. त्याऐवजी गर्भमुखावर पातळ अॅसेटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरच, लावायचं. मिनिटाभरात संशयास्पद भाग पांढरा पडतो. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या वस्त्यांत १९९८पासून सुमारे दीड लाख बायकांवर याचा अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या होत्या काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या, जेमतेम दहावी झालेल्या आरोग्यसेविका. २०१३मध्ये निष्कर्ष आले : गर्भमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तुलनेच्या गटातल्या बायकांना फक्त माहिती दिली, तपासणी दिली नाही, यावर पुढे तीव्र टीका झाली. टीका करणाऱ्यांचं मला पटतं, आणि या निष्कर्षाशिवाय देशाचा कार्यक्रम उभा राहिला नसता, हेही खरं आहे.

तिकडे बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या आधाराने उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, १ लाख ३१ हजार बायकांवर एचपीव्ही या विषाणूची चाचणी, पेशीतपासणी आणि आम्लतपासणी यांची तुलना झाली. २००९च्या निष्कर्षात एचपीव्ही चाचणी सरस ठरली. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिलाच पहिली पसंती दिली : तिशीनंतर, दर पाच ते दहा वर्षांनी. नमुना बाई स्वतःही घेऊ शकते, त्यामुळे टेबल, पडदा आणि संकोच यांतून तिची सुटका होते.

इतकं होऊनही २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत गर्भमुखाच्या कॅन्सरची तपासणी कधी तरी झालेल्या बायका होत्या दोन टक्क्यांहून कमी. ज्या दोन अभ्यासांचे दाखले जगभर दिले जातात, ते दोन्ही याच राज्यातले!

आणि एचपीव्हीने खेपेचा प्रश्न पुन्हा उभा केला आहे. नमुना बाटलीत, बाटली जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या गावी, निकाल पुढच्या पंधरवड्यात आणि बाई तोवर फडात. यावर उत्तर आहे. गोव्याच्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट यंत्रांवर, जी क्षयरोगासाठी ग्रामीण रुग्णालयांपर्यंत पोहोचलेली आहेत, एचपीव्हीची चिपही चालते आणि निकाल तासा-दीड तासात मिळतो. गर्भमुखाचा दोषी भाग शंभर अंशांच्या आसपास तापवलेल्या छोट्या उपकरणाने मिनिटभरात जाळता येतो, भुलीशिवाय. सकाळी नमुना, दुपारी उपचार, संध्याकाळच्या एसटीने घरी, हे आज शक्य आहे. त्यासाठी चिप विकत घ्याव्या लागतील, क्षयरोगाच्या यंत्रावर स्त्रीरोग विभागाला वेळ द्यावा लागेल आणि हे सगळं सप्टेंबरात, टोळ्या निघण्याआधी बीड-धाराशिवच्या गावांत करावं लागेल. दोन खात्यांच्या दोन अधिकाऱ्यांनी एका कागदावर सही करण्याइतकंच हे काम आहे, आणि ते अजून राज्यभर कुठेही नेमाने होत नाही.