मिठबावहून एक दिवस: वारसा बघायचा कसा?

सुट्टीत मुंबईहून मंडळी मिठबावला आली की सहलीचा बेत ठरतोच. कुणकेश्वर, देवगड, मालवण, भरपूर फोटो आणि संध्याकाळी परत. यात वाईट काही नाही. पण आम्ही काही कार्यकर्त्यांनी तरुणांसोबत फिरताना एक सवय लावून घेतली आहे. जिथे जाऊ तिथे तीन प्रश्न विचारायचे. हे कोणी घडवलं? त्याचा पुरावा काय? आणि आज ते कोण सांभाळतंय?

सकाळी ऊन तिरपं असतानाच मालवण तालुक्यातलं कुडोपी गाठावं. जांभ्याच्या सड्यावर कोरलेल्या रेषा तेव्हाच नीट दिसतात. इथे माणसांच्या आकृत्या आहेत, प्राणी आहेत, गुंतागुंतीची नक्षी आहे. अभ्यासक सतीश लळीत यांनी ही कातळशिल्पं जगापुढे आणली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली जी कातळशिल्पं गेली, त्यांत सिंधुदुर्गातलं कुडोपी आहे.

कोकणात अशा जुन्या कोरीवकामाला सर्रास पांडवांचं काम म्हटलं जातं. आपण त्यावर हसतो. पण लगेच आपल्यातलाच कोणीतरी विचारतो, "मग ही बौद्धांचीच असणार ना?" इथेच थांबायला हवं. ही शिल्पं लिपी येण्याआधीच्या माणसाची आहेत, म्हणजे तथागतांच्याही कितीतरी आधीची. पांडवांची नाहीत म्हणून ती आपोआप बुद्धांची होत नाहीत. ऐकीव गोष्ट, परंपरा किंवा ग्रंथात आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका, हे कालाम सुत्त फक्त दुसऱ्यांना सुनावण्यासाठी नाही. ते आधी आपल्याला लागू आहे.

दुपारनंतर मालवणहून होडीने सिंधुदुर्ग किल्ला. छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर त्याची पायाभरणी केली. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. बाव म्हणजे विहीर. मिठबाव, दहिबाव या आपल्या गावांच्या नावांतही हा शब्द ऐकू येतो. किल्ला बघताना चिरे वाहणारे, चुना मळणारे, विहिरी खणणारे हातही आठवावेत. आणि विहिरीपाशी आणखी एक प्रश्न विचारावा: हे पाणी कोणाकोणाला मिळत होतं? कोकणातल्याच महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना चवदार तळ्याचं पाणी प्यायला हजारो लोकांसह जावं लागलं, हे विसरून आपल्याला कुठलीही विहीर बघता येणार नाही.

मग बौद्ध वारसा कुठे? मुंबईला परतणाऱ्यांसाठी तो बोरिवलीजवळच आहे. कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत, आणि तिथे अंदाज बांधावा लागत नाही, दगडच बोलतो. ब्राह्मी लिपीतल्या लेखांत कल्याण, सोपारा, चौल इथल्या दात्यांची नोंद आहे. व्यापारी आहेत, भिक्खुणी आहेत. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याची पोढी, म्हणजे कातळात खोदलेलं टाकं, दान दिल्याचा लेख आहे. एका कारागिराने पाणी दिलं आणि त्याचं नाव जवळपास दोन हजार वर्षं टिकलं. असा पुरावा हाती असताना कच्चे दावे करण्याची आपल्याला गरज काय? एक खोटा दावा उघडा पडला की आपल्या दहा खऱ्या दाव्यांवरही लोक शंका घेतात.

तिसरा प्रश्न सगळ्यात तातडीचा. सडे म्हणजे पडीक जमीन समजून तिथे चिरेखाणी निघतात, रस्ते जातात, बागांसाठी कातळ फोडला जातो. तुटलेली रेघ पुन्हा जोडता येत नाही. म्हणून कुडोपीला गेलात तर आकृत्यांवर पाय देऊ नका, फोटो उठून दिसावा म्हणून खडू किंवा रंग भरू नका. आपल्या गावच्या सड्यावर अशा रेषा दिसल्या तर फोटो काढा, जागेची नोंद करा आणि ग्रामपंचायतीला व पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा. ती शिल्पं बौद्ध नसली तरी कळवा. वारसा आपल्या नावाचा असेल तरच जपायचा, हा विचार आपल्या धम्मात बसत नाही.

एहिपस्सिको म्हणजे या आणि स्वतः पाहा. पुढच्या सुट्टीत वाडीतल्या पोरांना घेऊन निघा, आणि जाताना वही-पेन विसरू नका.

जय भीम!