मुठीएवढं शहर : कादिझ

मुलांनो, नकाशा नंतर काढू. आधी आपला डावा हात पुढे करा. अगदी सरळ. मूठ घट्ट मिटा, तळहात खाली आणि अंगठा उजवीकडे. झालं? हे स्पेनमधलं कादिझ शहर!

थट्टा नाही, खरंच सांगते. तुमची मूठ म्हणजे कादिझचं जुनं गाव. मनगटापासून कोपरापर्यंतचा हात म्हणजे त्याला मुख्य भूमीशी जोडणारी जमिनीची चिंचोळी पट्टी. हाताच्या डाव्या बाजूला अथांग अटलांटिक महासागर. उजवीकडे, अंगठ्याच्या बाजूला, शांत पाण्याचा उपसागर आणि बंदर. मनगटावर जिथे घड्याळ बांधतात ना, तिथे दगडी तटबंदी आणि तिच्यात एक दरवाजा. त्याचं नावच ‘पुएर्ता दे तिएरा’, म्हणजे जमिनीचा दरवाजा. बाकी सगळीकडे पाणी, मग जमिनीकडे जाणारा दरवाजा एकच असणार, नाही का? हात दुखला असेल तर खाली घ्या, पण हे चित्र विसरू नका. पुढे ते लागणार आहे.

आता नकाशा काढा. स्पेनच्या दक्षिण टोकाला जिब्राल्टर सापडेल. तिथून किनाऱ्याने डावीकडे थोडं वर सरका, की आलं कादिझ. तिथली माणसं बोलताना नाव आणखी आखूड करतात, नुसतं ‘काई’ म्हणतात.

जवळजवळ तीन हजार वर्षांपूर्वी आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरून फिनिशियन व्यापारी गलबतं घेऊन इथवर आले. त्यांनी या जागेला ‘गादिर’ म्हटलं. गादिर म्हणजे कोट, तटबंदीची जागा. रोमन लोकांनी त्याचं ‘गादेस’ केलं, अरबांनी ‘कादिस’ आणि मग झालं कादिझ. फिनिशियन आले तेव्हा ही मूठ अशी मिटलेली नव्हती बरं का! तिथे लहान लहान बेटं होती. मुंबईची सात बेटं जोडली गेली तसंच काहीसं इथेही झालं, फक्त इथे बरंचसं काम गाळाने आणि वाळूनेच केलं.

सेव्हिल शहरातून आगगाडीत बसलं की दोन तासांच्या आत आपण कादिझला उतरतो. स्टेशन जुन्या गावाला अगदी चिकटून. बाहेर पडलं की एका बाजूला बंदरातली मोठाली जहाजं आणि समोर गल्ल्या. उपसागराच्या पलीकडच्या गावांतून आगबोटीनेही येता येतं, अर्ध्या तासाचा प्रवास. पण एकदा गावात शिरलात, की वाहन विसरा. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला अर्धा तास पुरतो आणि कितीतरी गल्ल्यांत मोटारीला जागाच नाही. पाहुण्यांची चुकामूक होऊ नये म्हणून जमिनीवर चार रंगांच्या पट्ट्या रंगवल्या आहेत. एक रंग धरायचा आणि चालत सुटायचं! पट्टी सुटली तरी घाबरायचं कारण नाही. कुठल्याही दिशेला सरळ चालत गेलात, तर थोड्या वेळात समुद्र लागतोच.

चालताना कोपऱ्यांकडे लक्ष ठेवा. घराच्या कोपऱ्याशी लोखंडाचा एक जाडजूड खांब जमिनीत रोवलेला दिसेल. नीट पाहा, ती तोफ आहे! निकामी झालेल्या जुन्या तोफा इथल्या लोकांनी उभ्या पुरून टाकल्या. कशासाठी? अरुंद गल्लीत घोडागाडी वळताना तिचं चाक भिंतीला घासू नये म्हणून. अशा शंभरावर तोफा गावात आहेत. मोजत मोजत फिरलात तर दिवस पुरायचा नाही.

सोनेरी घुमटाचं मोठं चर्च दिसेल, ते कथेड्रल. 1722 साली बांधायला घेतलं आणि 1838 साली पुरं झालं. मधे पैसे संपले, म्हणून खालचा दगड वेगळा आणि वरचा वेगळा. रंगातला फरक रस्त्यावरूनही कळतो. खारट हवेने आतल्या छताच्या दगडाचे कपचे सुटतात, ते कुणाच्या डोक्यात पडू नयेत म्हणून जाळी ताणून ठेवली आहे.

आता मान वर करा. गच्च्यांवर जागोजागी बुरुजासारखे मनोरे दिसतात. 1717 साली स्पेनने अमेरिकेशी होणाऱ्या व्यापाराचं मुख्य कार्यालय सेव्हिलहून इथे हलवलं आणि कादिझचं नशीब उघडलं. अमेरिकेतून सोनं-चांदी, कोको, साखर भरून जहाजं इथे येऊ लागली. व्यापाऱ्यांनी मोठमोठी घरं बांधली. तळमजल्यावर वखार, वर राहती घरं आणि सगळ्यात वर मनोरा. त्यावर चढून दुर्बिणीने पाहायचं, आपलं जहाज येतंय का? महिनोन् महिने समुद्रावर असलेलं जहाज! वादळात सापडलं, की चाच्यांनी लुटलं? क्षितिजावर शीड दिसेपर्यंत काही कळायचं नाही. असे दीडशेच्या वर मनोरे होते, त्यातले बरेचसे अजून उभे आहेत.

त्यातला सगळ्यात नावाजलेला म्हणजे ‘तोर्रे ताविरा’. 1778 साली तो बंदराचा सरकारी टेहळणी मनोरा झाला. त्यावरचा पहिला टेहळ्या ताविरा नावाचा नौदल अधिकारी, त्याचंच नाव मनोऱ्याला मिळालं. आज तिथे एक गंमत पाहायला मिळते. उन्हाळ्याच्या दुपारी दारं-खिडक्या बंद केल्या आणि दाराला बारीक भोक असलं, तर समोरच्या भिंतीवर रस्त्यावरची माणसं उलटी चालताना तुम्ही कधी पाहिलीत? तीच युक्ती इथे मोठ्या प्रमाणावर केली आहे. मनोऱ्याच्या टोकाला आरसा आणि भिंग, खाली काळोखी खोली आणि मधोमध पांढरी गोल तबकडी. त्या तबकडीवर अख्खं शहर उमटतं, आणि तेही जिवंत! गच्चीवर वाळत घातलेले कपडे हलतात, बोट बंदरात शिरते, कबुतरं उडतात. आरसा फिरवला की दुसरी बाजू दिसते. वीज नाही, कॅमेरा नाही, नुसता उजेड. 1994 सालापासून हे तिथे सुरू आहे.

दुपारी दोन वाजता पोटात कावळे ओरडू लागले तर तुम्ही अगदी वेळेवर आहात, कारण तिथलं दुपारचं जेवणच दोन-तीनला असतं. पुष्कळशी दुकानं तेव्हा बंद होतात ती पाचच्या सुमारास उघडतात. तळलेल्या माशांची दुकानं असतात, कागदाच्या पुडीत गरमागरम मासे बांधून देतात. आणि ‘तोर्तियितास दे कामारोनेस’ नावाचा पदार्थ मिळतो. नाव ऐकून दचकू नका. हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या पिठात इवलीशी कोळंबी घालून तळलेल्या चपट्या, कुरकुरीत भज्या! कोकणातल्या वाचकांना हे काही नवं सांगायला नको.

पोटपूजा झाली, आता संग्रहालय. इथे दोन संगमरवरी शवपेट्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. दोन्ही फिनिशियन, सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीच्या. एकीवर दाढीवाल्या पुरुषाचा चेहरा कोरलाय, दुसरीवर बाईचा. पुरुषाची पेटी 1887 साली खोदकामात सापडली. पुढे पेलायो किन्तेरो नावाचे संशोधक संग्रहालयाचे प्रमुख झाले. त्यांच्या मनाने घेतलं, की या पुरुषाच्या जोडीला बाईची पेटीही इथेच कुठेतरी असणार. त्यांनी वर्षानुवर्षं गाव खणून काढलं. खूप काही सापडलं, पण ती पेटी काही सापडली नाही. शेवटी ते मोरोक्कोला गेले आणि तिथेच 1946 साली वारले. मग 1980 साली एका जागी नव्या इमारतीचा पाया खणताना यंत्र दगडाला लागलं. पाहतात तो काय, बाईची पेटी! आणि ती जागा कुठली? किन्तेरोंचं राहतं घर जिथे होतं, तीच. सारं गाव धुंडाळलं आणि ती होती त्यांच्या घराखाली!

जवळच सान फेलिपे नेरी नावाचं लंबगोल चर्च आहे. आता पुन्हा हात पुढे करा. 1810 साली नेपोलियनच्या फौजांनी जवळजवळ सगळा स्पेन जिंकला, पण ही मूठ काही त्यांच्या हाती आली नाही. चिंचोळी पट्टी, भोवती खाड्या आणि दलदल, समुद्राच्या बाजूला मित्रांची जहाजं. फ्रेंच फौज अडीच वर्षं पलीकडच्या किनाऱ्यावरून तोफा डागत राहिली. आणि वेढा पडलेल्या या गावात, याच चर्चमध्ये, स्पेनचे प्रतिनिधी बसून राज्यघटना लिहीत होते. 19 मार्च 1812 रोजी ती जाहीर झाली. तो संत जोसेफचा दिवस. जोसेफला स्पॅनिशमध्ये लाडाने ‘पेपे’ म्हणतात, म्हणून लोकांनी घटनेला नाव ठेवलं ‘ला पेपा’!

म्हणजे अरुंद वाटेने कादिझला वाचवलं. पण त्याआधी पन्नास-पंचावन्न वर्षं हीच वाट माणसांच्या जिवावर उठली होती. ते पाहायला गावाच्या पश्चिम टोकाला, मच्छीमारांच्या जुन्या वस्तीत जायचं. तिथे पाल्मा नावाच्या रस्त्यावर भिंतीत एक पाटी आहे. समुद्राचं पाणी इथपर्यंत आलं होतं, असं ती सांगते.

1 नोव्हेंबर 1755. सणाचा दिवस, लोक प्रार्थनेला निघालेले. सकाळी दहाच्या सुमारास जमीन हादरू लागली. अटलांटिकच्या तळाशी प्रचंड भूकंप झाला होता. पोर्तुगालचं लिस्बन शहर त्यात उद्ध्वस्त झालं. कादिझ हादरलं, भिंतींना तडे गेले, पण बहुतेक घरं उभी राहिली. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. आणि तासाभराने समुद्र उठला.

आज आपण त्याला त्सुनामी म्हणतो. पश्चिमेकडून लाटा आल्या, तटाचे मोठमोठे दगड त्यांनी उचलून फेकले, पाणी गल्ल्यांत शिरलं. घाबरलेली माणसं काय करणार? पळणार. कुठे? जिथे जमीन आहे तिथे! सगळे मनगटाकडे, जमिनीच्या दरवाजाकडे धावले. काही बाहेर पडून पट्टीवरून पळूही लागले. वर्गात ही गोष्ट सांगताना मी इथे थांबते आणि विचारते, तुम्ही काय केलं असतं? बहुतेक हात वर येतात, “बाई, आम्हीपण पळालो असतो.” एखाददुसरंच मूल आपल्या हाताकडे बघत बसतं आणि मग हळूच म्हणतं, “पण बाई, तिथे तर दोन्हीकडून पाणी आहे.”

तेच झालं. पट्टी सखल होती. लाट तिच्यावरून आरपार गेली आणि वाटेवरची माणसं वाहून गेली. त्यांत फ्रान्सचे प्रसिद्ध नाटककार रासीन यांचा तरुण नातूही होता.

शहराच्या गव्हर्नरांना हा धोका उमगला. त्यांनी हुकूम दिला, दरवाजा बंद करा! विचार करा, मागे समुद्र गर्जतोय, लोक दाराशी रेटारेटी करताहेत आणि पहारेकरी ते दार लावून घेताहेत. लोकांनी त्यांना किती शिव्याशाप दिले असतील! पण आत घरं उंच होती, दगडी होती, वरच्या मजल्यांवर जाता येत होतं. त्या बंद दाराने कितीतरी जीव वाचवले.

पाल्मा रस्त्यावरचे लोक मात्र वेगळी आठवण सांगतात. तिथल्या चर्चमधले धर्मगुरू मेरीमातेचा ध्वज घेऊन पाण्याला सामोरे गेले, ध्वज रोवला आणि तिथून पाणी मागे फिरलं, अशी त्यांची श्रद्धा आहे. दरवर्षी 1 नोव्हेंबरला अजूनही मिरवणूक निघते. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर आपल्या पूर्व किनाऱ्यावरच्या माणसांनाही ही मिरवणूक का निघते हे कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

पाटीपासून चार पावलांवर ‘ला कालेता’ हा चिमुकला समुद्रकिनारा. एका बाजूला एक किल्ला, दुसऱ्या बाजूला दुसरा, त्यातला एक तर समुद्रात लांबवर बांधलेल्या वाटेच्या टोकाशी. ओहोटीला होड्या वाळूवर आडव्या पडतात. म्हाताऱ्या बायका घडीच्या खुर्च्या टाकून गप्पा मारतात. किनाऱ्याजवळ अवाढव्य झाडं आहेत, मूळची ऑस्ट्रेलियाकडची, पण जवळ गेलात तर ओळखीची वाटतील, कारण ती आपल्या वडाच्याच कुळातली. सूर्य इथे थेट समुद्रात बुडतो.

मग परत स्टेशन. गाडीत खिडकीपाशी बसा. नव्या शहराखालून गाडी बोगद्यातून जाते, बाहेर काही दिसत नाही. बोगदा संपला की उजेड येतो. आता झोपू नका हं! उजवीकडे अटलांटिक, डावीकडे उपसागर आणि मधे फक्त वाळू, एक रस्ता आणि आपले रूळ.