पुढच्या टायरची उजवी बाजू

मोटरसायकल मधल्या स्टँडवर लावा आणि पुढच्या टायरवरून तळहात फिरवा. आधी चाक फिरतं त्या दिशेने, मग उलट. बऱ्याच गाड्यांवर एका दिशेने हात सहज सरकतो आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दातांवरून गेल्यासारखा अडखळतो. आता डाव्या आणि उजव्या काठाच्या खाचांत नख घालून खोली ताडून पाहा. घाटवाटा तुडवणाऱ्या गाडीच्या उजवीकडच्या खाचा बहुधा जास्त उथळ लागतील. एवढं पाहायला दोन मिनिटं पुरतात, पण आपल्याकडे टायर गुळगुळीत झाला की थेट नवा बसवला जातो आणि जुना दुकानातच राहतो. हे मला पटत नाही. गाडीत कुठे काय सैल झालंय, हवा किती महिने कमी होती, ब्रेक कसा लावला जातो, हे सगळं त्या जुन्या टायरवर उमटलेलं असतं.

दोन्ही चाकांची कामं वेगळी असतात. इंजिनाचा जोर मागच्या चाकावर येतो, म्हणून मागचा टायर मधोमध झिजून सपाट होत जातो. पुढच्या चाकाला इंजिन ओढत नाही. त्याच्या वाट्याला येतं ते थांबवणं आणि वळवणं. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि टायरच्या नक्षीतला रबराचा प्रत्येक ठोकळा रस्त्याला चिकटलेला असतानाच वाकतो. चाक पुढे सरकलं की त्याच्यावरचं वजन हटतं आणि वाकलेला ठोकळा झटक्यात सरळ होतो. तेवढ्या क्षणात रस्ता सगळ्यात शेवटी सोडणारी कड घासली जाते. हजारो ब्रेकांनंतर प्रत्येक ठोकळ्याची एक कड उंच आणि दुसरी खाली गेलेली दिसते. दोन्ही चाकांवरचा हा ताण उलट दिशांचा असतो. म्हणूनच पुढे-मागे कुठेही चालणाऱ्या काही टायरांवर दोन बाण असतात, पुढे बसवण्यासाठी एक आणि मागे बसवण्यासाठी त्याच्या उलट. बसवून झाल्यावर तो बाण स्वतः तपासावा.

दर शे-दोनशे मीटरवर गतिरोधक किंवा खड्डा असलेल्या शहरात हे दात लवकर उमटतात. 2019च्या एप्रिलपासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना जोडब्रेक आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. जोडब्रेकच्या गाडीत मागचा ब्रेक दाबला तरी थोडा जोर पुढच्या चाकावर जातो. ‘मी पुढचा ब्रेक लावतच नाही’ म्हणणाऱ्याचाही पुढचा टायर आता ब्रेकने झिजतो. पण झीज वाचवायला पुढचा ब्रेक टाळू नका. गाडी थांबवण्याची खरी ताकद त्याच चाकात आहे.

दातांची झीज थोडीफार होणारच. ती वेगाने वाढते हवा कमी असली की, कारण मऊ पडलेल्या टायरचे ठोकळे जास्त वाकतात. यात ऋतूचाही हात असतो. नागपुरात मे महिन्यात 40 अंशांवर भरलेली 25 पीएसआय हवा डिसेंबरच्या पहाटे 10 अंशांवर नुसत्या थंडीमुळे 21च्या आसपास येते, आणि त्यात गळती धरलेलीच नाही. हवा टायर थंड असताना पाहायची, दहा-वीस किलोमीटर चालवून आल्यावर नाही.

आता उजव्या बाजूकडे येऊ. याचं खापर सहसा रस्त्याच्या उतारावर फुटतं. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्यभागी उंच आणि कडेला उतरता असतो. आपण डावीकडून चालतो, गाडी सरळ उभी असते आणि रस्ता डावीकडे कललेला, त्यामुळे टायर मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे टेकतो. पण हा उतार असतो साधारण दोन टक्के. पुढच्या टायरच्या गोलाईची त्रिज्या 50 मिलिमीटर धरली तर टेकण्याची जागा सरकते फक्त एक मिलिमीटर. एवढ्याने काठाच्या खाचा उथळ होतील, हे मला पटत नाही.

मोठं कारण वळणांत आहे. डावीकडून चालणाऱ्याला उजवं वळण नेहमी बाहेरून घ्यावं लागतं. दोन्ही पदरांच्या मध्यांत साडेतीन मीटर अंतर धरा. पूर्ण उलट फिरवणाऱ्या हेअरपिन वळणावर बाहेरचा पदर आतल्यापेक्षा सुमारे 11 मीटर लांब भरतो. आंबेनळीचा घाट चढून पुन्हा उतरलात तर उजवी आणि डावी वळणं सारखीच होतात, पण उजवीकडे कलून कापलेलं अंतर प्रत्येक वळणाला जास्त पडतं. शिवाय बाहेरून वळताना समोरचं जास्त दिसतं, म्हणून वेगही जास्त असतो आणि गाडी जास्त वेळ कललेली राहते. ब्रिटनमधले दुचाकीस्वारही उजवी बाजूच आधी गेल्याचं सांगतात, तर उजवीकडून चालणाऱ्या अमेरिकेत डावी बाजू जाते. एकट्या उतारानेही हाच उलटफेर होईल, पण मिलिमीटर आणि मीटर शेजारी ठेवले की वळणाचं पारडं जड दिसतं. या झिजेला इलाज नाही आणि काळजीचंही कारण नाही.

काळजी करायची ती अंतराअंतरावर पडलेल्या खळग्यांची. अशा वेळी टायर बदलून भागत नाही, चाक रस्त्यावर उड्या मारत असतं. पुढचा ब्रेक धरून हँडल खाली दाबा. गाडी एकदा वर येऊन स्थिर व्हायला हवी. ती डुलत राहिली तर फोर्क ऑइल थकलंय किंवा सीलमधून गळतंय. मागे कुणाला तरी दाबायला सांगून पुढचं चाक उचला आणि फोर्क खालून पकडून पुढे-मागे हलवा. खडखड जाणवली तर कोन सेट सैल आहे. चाक आडवं हललं तर बेअरिंग गेलंय, आणि फिरवताना लहरत असलं तर रिम आउट आहे. चेन टाइट केल्यानंतर दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या आहेत ना, हेही पाहावं. त्या पुढे-मागे असल्या तर मागचं चाक तिरकं बसतं आणि गाडी सरळ ठेवायला हँडल सतत किंचित वळवून धरावं लागतं. यांतलं काही दुरुस्त न करता नवा टायर घातला तर त्यावरही हळूहळू तेच खळगे पडतात.

टायर कधी काढायचा हे ठरवायला खाचांमध्ये झिजेच्या खुणेचे छोटे उंचवटे असतात. मधल्या उंचवट्यावर विसंबू नका. मधे भरपूर नक्षी शिल्लक असून उजवा काठ कोरा झालेला असू शकतो, आणि पावसात उजव्या वळणावर गाडी कलते तेव्हा पाणी बाजूला सारायचं काम त्याच काठाला करायचं असतं. एप्रिल-मे महिन्यात असा टायर दिसला तर तो जूनमध्ये घाटात नेऊ नका. नवा घेताना बाजूवरचा चार आकडी तारखेचा शिक्का वाचून घ्या. 3224 म्हणजे 2024 सालचा बत्तिसावा आठवडा. बसवल्यावर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर, वरचा चकचकीत थर निघेपर्यंत, वळणं सावकाश घ्या.